चाकांवरची मामाभेट

चिखलीच्या त्या मंगल कार्यालयाची फरशी दारापासून बोहल्याकडे उतरती आहे. आदल्या दिवशी मी पाण्याची बाटली आडवी ठेवून पाहिली. ती आपली आपण बोहल्यापर्यंत गेली. नवरीच्या मामांना मी हे सांगितलं नाही.

नवरी शाळेत माझ्याकडे स्केटिंग शिकलेली. तिला बोहल्यावर चाकांनीच जायचं होतं, आणि नवरीला मामाच घेऊन जातो, म्हणून मामांनाही चाकं आली. मामा धान्याचे अडते, वय बावन्न. वजन मी त्यांच्याच गोदामातल्या काट्यावर केलं, कारण तोंडी सांगितलेल्या वजनावर माझा विश्वास नाही. शहाण्णव किलो भरले. स्केट्सवर शंभरपर्यंत चालतं असं छापलं होतं. जेवून यायचं नाही, असं मी बजावलं.

शिकवणी गोदामातच चाले. नवरीचे वडील, म्हणजे मामांचे भाऊजी, रोज खुर्ची टाकून पाहायला बसत.

"मॅडम, आमच्या साळ्याले बोहल्यापर्यंत नेऊ नका. दारातच पडू द्या. पाहुण्यांले कायीतरी पाहाले भेटीन."

मामा हळूच मला म्हणाले, "एक डाव पडलो तं हा माणूस माह्या तेरवीतबी तेच सांगीन."

म्हणून मी आधी तोल सावरायला शिकवलं. गुडघे वाकवायचे, हात पुढे. तरीही तोल गेलाच तर बुडावर, एका बाजूनं पडायचं. आणि शेजाऱ्याला धरायचं नाही. धरलं की एकाचे दोन पडतात. थांबायला पुढे रबर असतं, पण मामा पाय टेकवायच्या ऐवजी बैलांना म्हणतात तसं "हो, हो" म्हणत. चाकं ऐकत नसत.

लग्नाच्या दिवशी उतारानं काम सोपं केलं. भाची-मामा झोकात बोहल्याशी पोचले. भाऊजींचा चेहरा उतरला. मामांनी तिथेच चाकं काढायची असं ठरलं होतं, पण मुहूर्त गाठायचा म्हणून भटजींनी मंगलाष्टकं लगेच सुरू केली आणि मामा तसेच नवरीमागे उभे राहिले.

एवढं सगळं मोजून मी अक्षता विसरले होते. आमच्याकडे अक्षता म्हणजे रंगवलेली ज्वारी. प्रत्येक कडव्याला ती फरशीवर सांडत गेली. लगेच माईकवर मामाभेट, म्हणजे दोन्हीकडच्या मामांची गळाभेट, पुकारली. नवरदेवाचे मामा हात पसरून समोर उभेच.

आमचे मामा निघाले. चाकांखाली ज्वारी करकरली, ते एका बाजूला कलले, पण गुडघे वाकले आणि हात पुढे आले. दोन्ही मामा एकमेकांच्या मिठीत एक गिरकी घेऊन उभे राहिले.

पडण्याचा क्षण टिपायला भाऊजी मोबाईल धरून तयारच होते. गिरकी चौकटीत बसेना म्हणून ते नव्या गुळगुळीत मोज्यांत मागे सरकले. ज्वारीवर पाय गेला. पडता पडता त्यांनी मामांचं उपरणं धरलं. मामांनी उपरणं सोडून दिलं. भाऊजी ते घेऊन खाली बसले.

सगळेच हसले. मामा गुडघे वाकवून त्यांच्याजवळ उभे राहिले आणि तिथूनच मला विचारलं,

"मॅडम, याले उचलू का? का शेजाऱ्याले धराचंच नाई?"

तो नियम पडण्यापुरता होता. पण मी आधी भाऊजींचा एक फोटो काढून घेतला.