न उघडलेली फाइल
तेव्हा मी महापालिकेच्या पाणी खात्यात होतो. बोअरच्या पाण्याचे तपासणी अहवाल आम्ही वेबसाइटवर टाकायचो. फाइलचा प्रकार मी निवडलेला, आमच्या ऑफिसातल्या महागड्या सॉफ्टवेअरमध्येच उघडणारा. एका दुपारी बिबवेवाडीहून एका निवृत्त मास्तरांचा फोन आला. “अहो, तीन दिवस खटपट करतोय. फाइल उघडायला तुमच्या ऑफिसातला कॉम्प्युटरच घरी आणू का?” मी ओशाळलो. फोन कानाला लावूनच ती फाइल मोफत सॉफ्टवेअरमध्येही उघडेल अशा खुल्या प्रकारात बदलली आणि त्यांना मेल केली. “उघडली,” ते म्हणाले. पलीकडे पंखा घरघरत होता आणि ते सोसायट्यांची नावं एकेक करून पुटपुटत वाचत होते. “आमच्या सोसायटीच्या नावापुढे ‘पिण्यास अयोग्य’ लिहिलंय,” आता आवाजात टोमणा नव्हता, “आणि घरात तान्हं बाळ आहे हो.” आजही फाइल सेव्ह करताना प्रकारांची यादी समोर आली, की बोट थबकतं आणि तो पंखा ऐकू येतो.