लाल गाडीची वाढीव वॉरंटी

आमच्या घरात एक नियम आहे. गाडीसमोर उभं राहून गाडी बिघडेल असं बोलायचं नाही. ट्रॅक्टर असो, टेम्पो असो, नाहीतर आप्पांची लाल गाडी असो. गाडी ऐकते म्हणे. का ऐकते, कशाने ऐकते, हे विचारायचं नाही. मी लहानपणी विचारलं होतं, तेव्हा काकीने एक हात माझ्या तोंडावर ठेवला आणि दुसऱ्या हाताने ट्रॅक्टरच्या बॉनेटला नमस्कार केला.

तर हा नियम मी मोडला. सहज मोडला असता तर ठीक होतं हो. मी अभ्यास करून, मुद्दे काढून मोडला. आणि त्यापायी जी माती खाल्ली, ती ऐकून हसणार असाल तर खुशाल हसा, फक्त चहा आधी खाली ठेवा.

आप्पा म्हणजे माझे मोठे काका. आम्ही पूर्णा गावचे, भिवंडीजवळ. आमच्या गावात आता शेत शोधायचं तर गोडाऊनच्या मागे जाऊन शोधावं लागतं, आणि मागे गेलं की तिथे दुसरं गोडाऊन असतं. आमचं शेवटचं शेत गोडाऊनला गेलं त्या वर्षी आप्पांनी ही गाडी आणली. लाल, दोनच माणसांची, छप्पर उघडणारी, जमिनीला पोट लावून चालणारी स्पोर्ट्स कार. भिवंडीत! जिथे कंटेनरचा ड्रायव्हर खड्डा बघून खाली उतरतो आणि आधी त्याची खोली बघतो, त्या भिवंडीत.

ती गाडी आमच्या घरापर्यंत कधी पोचलीच नाही. गल्लीच्या तोंडाशी स्पीडब्रेकर आहे, तो तिला ओलांडता येत नाही. आप्पा एकदाच ती घेऊन अंबाडी नाक्यापर्यंत गेले. परत आले तर त्यांना बाहेर निघता येईना. सीट इतकी खाली, की माणूस बसत नाही, विहिरीत उतरतो. शेवटी बाबांनी एक हात धरला, हमालांच्या मुकादमाने दुसरा धरला, आणि मागच्या ट्रकवाल्याने हिंदीतून सूचना केल्या. आप्पा बाहेर आले, कपडे झटकले आणि म्हणाले, "गाडी झ्याक हाय." पुन्हा कधी बसले नाहीत.

तेव्हापासून गाडी आमच्या शेतावर उभ्या राहिलेल्या आमच्याच गोडाऊनच्या कोपऱ्यात, राखाडी कव्हरखाली. ती जिथे उभी आहे तिथे आमचं खळं होतं. माझे बाबा रोज संध्याकाळी तिथे खुर्ची टाकून बसतात. गाडीकडे बघत नाहीत, खालच्या फरशीकडे बघतात. दुरून पाहिलं तर वाटतं, घरातलं कुणीतरी गेलंय आणि न्यायला येणारी माणसं ट्रॅफिकमध्ये अडकलीत.

आता माझं ऐका. मी लॉजिस्टिक्समध्ये पदवी घेतली, बऱ्या मार्कांनी. आमच्या गोडाऊनच्या ऑफिसात आप्पांचा मुलगा पिंट्या बसतो. बसतो म्हणजे झोपतो. मला ती खुर्ची हवी होती. बाकी काही नको. तेवढी खुर्ची, आणि घरात माझ्या शब्दाला काही वजन. आप्पांकडे मागितली, तर ते म्हणाले, "बघू." आमच्या घरात 'बघू' म्हटलं की त्या विषयाचं तेरावंसुद्धा उरकलेलं असतं.

अशात एक दिवस शोरूममधून फोन आला. पिंट्या झोपलेला, म्हणून मी उचलला. गाडीची मूळ वॉरंटी संपत आलीय, वाढीव घ्यायची तर संपण्याआधीच घ्यावी लागेल, त्यासाठी आमचा माणूस येऊन गाडी तपासून जाईल. मी फोन ठेवला आणि ठरवलं, हीच संधी. आप्पांना दाखवून देते, निर्णय कसा घेतात ते.

रात्री जेवताना विषय काढला. गाडी बिघडली तर, एवढेच शब्द तोंडातून निघाले असतील, काकीने भाताचा डाव खाली ठेवला.

"गो बाय, तिच्यासमोर नको बोलूस."

"काकी, गाडी इथे कुठे आहे?"

"गोडाऊन काय लांब हाय?"

मी अंधश्रद्धेवर छोटंसं भाषण केलं. कुणी ऐकलं नाही. आप्पांनी आमटी भुरकली आणि विचारलं, "जी चालतच न्हाय ती बिघडंल कशी?"

खरं सांगू? हा प्रश्न अगदी बरोबर होता. आज मला तो पटतो. पण त्या दिवशी मी थांबायच्या तयारीत नव्हते. उभ्या गाडीचं सील सुकतं, सेन्सर खराब होतात, एकेक भाग बाहेरून मागवावा लागतो, चालणाऱ्यापेक्षा उभी असलेली गाडीच जास्त बिघडते, असं सगळं सांगितलं. बाबांनी ताटातून मान वर केली, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा खाली घातली. आप्पा म्हणाले, वॉरंटी घेणं म्हणजे लग्नाच्या मांडवातच तिरडीची ऑर्डर देणं. विषय संपला.

मी आठवडाभर घरात कुणाशी धड बोलले नाही. आईची फार आठवण आली. ती गेल्यापासून या घरात माझी बाजू घेणारं कुणी नाही, हे मला भांडणानंतर जास्त जाणवतं.

आणि मग चमत्कार झाला. आप्पांनी स्वतःहून मला हाक मारली, समोर बसवलं. "ती वॉरंटी काय म्हनत व्हतीस, परत सांग बरं."

मी सांगितलं. आप्पांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. उलट प्रश्न विचारले, आणि काय एकेक प्रश्न! गाडी दुसऱ्याच्या नावावर केली तर वॉरंटी बुडते का? दुसऱ्या गावी ठेवली तर चालते का? तिकडच्या लोकांनी नीट वापरली नाही तर कोण बघणार? मी शोरूमला फोन करून करून एकेक उत्तर आणलं. वॉरंटी गाडीसोबत जाते, आप्पा. मालक बदलला तरी जाते. फक्त कंपनीला कळवायचं. सर्व्हिसिंग वेळेवर करायचं. आप्पा मान हलवत होते. माझ्या बोलण्यावर! मान!

मला दोन गोष्टी कळल्या, म्हणजे तसं मला वाटलं. एक, आप्पा गाडी विकणार. वॉरंटी असलेली जुनी गाडी चटकन जाते, एवढं त्यांच्या डोक्यात उतरलं होतं. खळ्यावरून ते राखाडी मढं एकदाचं हलणार. आणि दुसरी, ही माझी परीक्षा चाललीय. गाडीचं नीट निभावलं की पिंट्या उठणार आणि खुर्ची माझी.

तपासणीचा दिवस ठरला. त्याच दिवशी सकाळी काकी म्हणाली, खारबावचे पाहुणे येतायत गाडी बघायला, तू जरा साडी नेस. मी म्हटलं, गाडी विकायला साडी कुणी नेसतं का? पांढरा शर्ट घातला, काळी पँट घातली, केस घट्ट बांधले आणि गोडाऊनवर गेले. काकी दारात कपाळाला हात लावून उभी होती, पण काकी बहुतेक वेळा तशीच उभी असते.

शोरूमचा माणूस ठाण्याहून आला होता आणि रस्त्यातच निम्मा संपला होता. घसा बसलेला, बुटांवर धूळ, कपाळावर आठ्या. त्याने गाडीला कसली तरी वायर लावली आणि गुपचूप बघत बसला. तेवढ्यात आप्पा आणि काकी पाहुण्यांना घेऊन आले. एक मामा, अंगावर बरंच सोनं घातलेल्या बाई, आणि त्यांचा मुलगा, गॉगलवाला. मुलगा एकही शब्द न बोलता गाडीचे फोटो काढायला लागला.

मामांनी शोरूमच्या माणसाला काहीतरी विचारलं. तो घशाकडे बोट दाखवायला लागला. मी त्याच्या हातातलं माहितीपत्रक घेतलं आणि म्हटलं, मी सांगते.

आणि सांगितलं हो! इंजिन सांगितलं, गिअरबॉक्स सांगितला, छप्पर उघडून दाखवलं, मिटून दाखवलं. टायर आणि ब्रेकची झीज वॉरंटीत येत नाही हे प्रामाणिकपणे सांगितलं. उंदरांनी वायर कुरतडली तर तेही नाही. बाईंनी विचारलं, "नंतर आमच्या डोक्याला काय ताप न्हाय ना?" मी म्हटलं, मावशी, तुम्ही फक्त वेळेवर सर्व्हिसिंग करा, बाकी सगळं कंपनी बघेल. कुठे ठोकलीय का, काही लपवलंय का, असंही त्यांनी विचारलं. मी छातीवर हात ठेवून सांगितलं, एका घरात राहिलीय, बाहेर फारशी गेलेलीच नाही.

मुलगा गाडीत बसला. आणि अर्थातच अडकला. सगळे नुसते बघत राहिले, मीच पुढे झाले. "दादा, आधी डावा पाय बाहेर काढा. आता खांबाला धरा. हां, दादा, शाब्बास."

मागे काकीला जोरात ठसका लागला. मला वाटलं, गोडाऊनची धूळ.

पाहुणे खूश होऊन गेले. आप्पांनी तिथल्या तिथे वाढीव वॉरंटी घेऊन टाकली. मी घरी येऊन आरशात स्वतःकडे बघितलं. ऑफिसात पडदे कोणते लावायचे, इथपर्यंत माझा विचार गेला होता.

संध्याकाळी सगळे बाहेरच्या खोलीत बसलेले. आप्पांनी स्वतःच्या हाताने मला पेढा दिला. म्हणाले, घरातलं सगळ्यात अवघड काम पोरीने केलं. मी म्हटलं, मग घेतली ना त्यांनी गाडी?

"घेतली म्हंजे? आपन देतोय. तुझ्यासंगं."

पेढा माझ्या टाळूला चिकटला. मी आप्पांकडे बघितलं, काकीकडे बघितलं. बाबा जमिनीकडे बघत होते, इथे तर खळंही नव्हतं.

मग एकेक बाहेर आलं. स्थळ महिन्याभरापासून चाललेलं. मुलाला गाडीची हौस. पण मुलाच्या आईचं म्हणणं, असली गाडी बिघडली तर दुरुस्तीला घर विकावं लागेल, वॉरंटी असेल तरच बोला. आप्पा अडले होते. "आनि तूच तर मार्ग काढलास," आप्पा अगदी कौतुकाने म्हणाले. "मालक बदलला तरी वॉरंटी गाडीसंगं जाते म्हनून. तिथंच तर त्यांनी व्हकार दिला. आनि ह्यो हुंडा न्हाय हां. आपल्यात हुंडा न्हाय. ही हौस हाय."

कळतंय का तुम्हाला काय झालं ते? माझ्या लग्नाची बोलणी आमच्या घरात सगळ्यात मन लावून कुणी केली असतील, तर ती मी. अटी मी वाचल्या, शंका मी मिटवल्या. आई असती तर स्वयंपाकघरात भाजी चिरताना हे मला पहिल्या दिवशी कळलं असतं. आमच्याकडे मुलीला असं सांगायचं काम आईचं असतं. ते काम रिकामं पडलंय, हे कुणाच्या लक्षातच आलं नाही.

मी कसंबसं विचारलं, मला कुणी सांगितलं का नाही? काकी म्हणाली, साडी नेस म्हणून सांगितलं की. अजून कसं सांगायचं?

"आनि रविवारी येतायत परत," आप्पा म्हणाले. "आता साडी नेस."

"परत कशाला? गाडी बघून झाली ना?"

काकीने आप्पांकडे बघितलं. आप्पा खोकले. शेवटी काकीच बोलली.

"तुला बघायला गो."

"मला? तासभर त्यांच्यासमोर उभी होते मी."

"त्यांना वाटलं, तू शोरूमची." काकी पदराशी चाळा करत होती. "त्या बाई जाताना बोलल्या, गाडी पसंत हाय, आता मुलगी दाखवा. आनि शोरूमच्या पोरीला परत नका बोलवू, लई बडबडते."

पिंट्या हसला. तेवढ्यापुरता जागा होता.

मी उठून उभी राहिले. म्हटलं, "रविवारी कुणी येणार नाही. त्यांना गाडी पसंत आहे तर गाडी घेऊन जाऊ देत. मी जाणार नाही."

काकीचा हात पदरातच थांबला. पिंट्याने हसू गिळलं. बाबांनी मान वर केली, आणि या वेळी खाली घातली नाही.

मी वाट बघत उभी राहिले. कुणीतरी ओरडेल, काहीतरी विचारेल, मग मी एकेक मुद्दा काढेन. कुणी काहीच विचारलं नाही. आणि त्या शांततेत मला कळलं की माझ्याकडे पुढचा मुद्दाच नव्हता. वॉरंटीवर मी तासभर न अडखळता बोलले होते. स्वतःवर बोलायची वेळ आली, तर तीन वाक्यांत माझं सगळं आटपलं.