आत्याची पाठ

माझी गर्भपिशवी काढली त्यानंतर नणंदेचा अकोल्याहून फोन आला. भाजी काय केली विचारावं तशा सुरात ती म्हणाली, "वहिनी, तुमचं लेकरू मी वाढवतो ना पोटात."

तिला स्वतःची दोन मुलं होती आणि वयही कायद्यात बसत होतं. बीज आमचं, पोट तिचं, मोबदला कसलाच नाही, एवढंच कायद्याला चालतं. मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवते, तरी हे मला वकीलबाईंनी समजावलं. गर्भ ठेवण्याआधीच कोर्टाचा हुकूम घ्यायचा की बाळाचे आईबाप आम्ही दोघं. पुढे त्याच हुकुमावर जन्मदाखला. जे अजून पोटातही नाही त्याच्या नात्याचा निकाल आधीच लागणार, याचं मला हसू आलं आणि हायसंही वाटलं.

अमरावतीच्या कोर्टात मॅजिस्ट्रेटनी तिला विचारलं, "बाळावर तुमचा काही हक्क राहणार नाही, समजलं ना?"

"समजलं. पण नाव मीच ठेवीन."

वकीलबाईंनी घोकवून घेतलेल्या उत्तरांत हे नव्हतं. मॅजिस्ट्रेटनी पेन खाली ठेवला. "कोणत्या नात्याने?"

"आत्या आहो ना मी त्याची. आमच्यात नाव आत्याच ठेवते."

साहेब हसले. हुकूम मिळाला.

पुढे बाळ लाथ मारायला लागलं तेव्हा ती माझा हात ओढून पोटावर ठेवायची. मला तिचा हेवा वाटायचा. भीती त्याहून मोठी होती. कागद माझ्या बाजूने होता, पण एवढं सगळं झाल्यावर ही पुन्हा नुसती आत्या होईल का? हे मी नवऱ्याजवळही बोलले नाही.

मुलगी झाली. दाखल्यावर आईच्या जागी माझं नाव आलं. दवाखान्यातल्या बाया मात्र तिलाच 'बाळाची आई' म्हणत. ती थकलेली होती, तिने कुणाला दुरुस्त केलं नाही. मला ते दर वेळी ऐकू आलं.

बारशाला ती टाके सांभाळत आली. पाळण्यावर वाकून तिने मुलीच्या कानात 'कुर्रर्र' केलं आणि नाव सांगितलं. आता बायांनी आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे, अशी रीत. दर्यापूरहून आलेल्या जावा, मावशा सगळ्या तयार उभ्या होत्या, पण एकीचाही हात उठेना. बाळंतिणीला कोण मारणार? आणि ती कुणाची बाळंतीण, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

ती वाकलेलीच राहिली. "मारून नाही राहिल्या काहून?" मग मान वळवून तिने माझ्याकडे पाहिलं. डोळे भरले होते. "वहिनी, तुमी तरी मारा. आत्याच आहो ना मी?"

मी धपाटा घातला. चांगला जोरात.