हलू नको, सिसिल

फोरमन गाडी हळू चालवत नसत. मरोळच्या आमच्या गावठाणातल्या गल्ल्या रिक्षा कशीबशी शिरेल एवढ्याच. तिथूनही त्यांची तीनचाकी मोटरसायकल सुसाट जायची. मागे त्यांची बायको, सिसिलमावशी, ताठ बसलेली. लोक म्हणत, म्हाताऱ्याला मस्ती आलीय. कारण वेगळं होतं. मावशी मागे बसल्या आणि वेग कमी केला की गाडीचं हँडल थरथरायचं.

फोरमन हे त्यांचं कारखान्यातलं पद. कारखाना बंद पडला, पद नावासारखं चिकटून राहिलं. तिथे त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "रिकामी मशीन कुणाचीपण गोड चालते. लोड देऊन दाखव." पुढे मावशींचे गुडघे गेले, तेव्हा जुन्या मोटरसायकलला रिक्षाची मागची चाकं जोडून त्यांनी ही गाडी स्वतः बनवली. मावशींना चढायला सोपं जावं म्हणून सीट चाकांच्याही मागे, खाली बसवली. कोपऱ्यावरचा गॅरेजवाला एकदा म्हणाला, "अंकल, हँडल बघू का जरा?" फोरमन म्हणाले, "माझ्या कामाला दुसऱ्याचा पाना लागत नाय."

हँडल थरथरलं की ते मागे न बघता म्हणायचे, "सिसिल, हलू नको गं." घरी पोहोचल्यावर एकटेच एक चक्कर मारून यायचे. तेव्हा हँडल स्थिर. "बघितलंस? गाडीत काय नाय. तूच चुळबुळ करतेस." पुढच्या वेळी मावशी मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात, अशा आणखी ताठ बसत.

मग भाचीचं लग्न आलं. आदल्या दिवशी बँड लावून विहिरीवरून पाणी आणायची आमच्याकडे रीत आहे. भाचीला आई नव्हती. पाण्याची कळशी मावशींनी आणायची होती आणि मावशींना चालवत नव्हतं. त्यामुळे त्या दिवशी फोरमनना बँडच्या पावलाने गाडी चालवावी लागली. विहिरीवरून निघाल्यापासून हँडल थरथरत होतं. कळशीतलं पाणी मावशींच्या साडीवर सांडत होतं. एक गाणं संपून दुसरं सुरू व्हायच्या मधल्या शांततेत फोरमन ओरडले, "सिसिल, हलू नको सांगितलं ना!"

"मेल्यासारखी बसलेय मी, जोकीम," मावशी म्हणाल्या. "अजून किती गप बसू?"

बँडमधलं कुणीतरी हसलं. मावशींनी कळशी शेजारणीकडे दिली, गाडीतून उतरल्या आणि भिंती धरत घरापर्यंत चालत गेल्या. मागून फोरमन इंजिन बंद करून गाडी ढकलत आले.

लग्न पार पडलं. त्यानंतर एका सकाळी फोरमननी मागच्या सीटवर वाळूची पोती ठेवली, अंदाजे मावशींच्या वजनाची, आणि बँडच्याच वेगाने गल्लीतून गाडी काढली. हँडल थरथरलं. पोती जागच्या जागी होती. फोरमननी गाडी थांबवली आणि हँडलवर हात तसेच ठेवून बराच वेळ बसून राहिले. दुकानासमोर उभी असलेली माणसं हळूहळू दुसरीकडे बघू लागली.

ते स्वतःहून गॅरेजवाल्याकडे गेले. "लोड देऊन बघितलंच नाय रे मी." वजन मागे पडल्याने पुढचं चाक हलकं होत होतं. दोघांनी सीट कापून चाकांच्या पुढे घेतली, पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कचा तिरकेपणा कमी केला, हँडलचं बेअरिंग आवळलं. पोती ठेवून पुन्हा चालवली. हँडल स्थिर राहिलं.

त्यानंतर फोरमन आधी बँडमास्तरकडे आणि मग घरोघर गेले. "सिसिल हलत नव्हती. माझं काम चुकलं होतं," एवढंच सांगायचे. काही घरांत तो प्रसंग कुणाला आठवतही नव्हता. तिथे त्यांनी आधी प्रसंग सांगितला.

आता गाडी हळू जाऊ लागली. मावशी मात्र बसायच्या पहिल्यासारख्याच.

"नीट आरामात बस की. हललीस तरी काय होत नाय आता."

"बसलेय ना बरी."

गेल्या वर्षी दोघं नाहूरला मुलीकडे राहायला गेले. सामान टेम्पोतून पुढे गेलं. ही दोघं त्याच गाडीवरून निघाली. निरोप द्यायला आम्ही दारात उभे होतो. गाडी इतकी हळू चालली होती की दोन मुलं बाजूने चालत सोबत गेली. वळणावर फोरमनचा आवाज आला, "हल ना गं, सिसिल."

मावशींचे दोन्ही हात पर्सवर होते. त्या हलल्या नाहीत.