‘हरकत न्हाई’च्या पुढचं वाक्य

सन दोन हजार एकोणीस. माझं वय सत्तावन्न. सातवी पास शिपाई म्हणून लागलेला मी जत तालुक्यातल्या एका ठाण्यात सहायक फौजदार होतो, आणि तेही कुणाच्या मेहेरबानीनं नव्हे. त्या वर्षाची एक केस अजून डोक्यातून जात नाही.

नव्या रेल्वेमार्गाची मोजणी चालू होती. ठोकलेल्या लाल खुंट्यांपैकी अकरा गायब झाल्या. फिर्याद आली, सरकारी कामात अडथळा. ठाण्याचे साहेब म्हणाले, “जमीनवाल्यांना उचला.”

मी आधी जागेवर गेलो. ज्याची जमीन जाते तो आपल्या शेतातली खुंटी उपटतो. इथं गेल्या होत्या त्या फक्त सरकारी माळावरच्या, तळ्याकडं जाणाऱ्या वाटेवरच्या. परतताना चहावाला हसला, “आवं फौजदार, लाल खुंट्या हुडकताय व्हय? म्हाताऱ्या धनगराची वाघर बघा की!”

वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी. अकराच्या अकरा खुंट्यांवर ती ताणलेली. पंचनामा केला, म्हाताऱ्याला ठाण्यात आणलं.

“का उपटल्या रं?”

“तिथनं मेंढरं पाण्याला जात्यात. रूळ आलं की कुठनं न्यायची?”

“मग रेल्वेच्या सुनावणीत तोंड शिवलं हुतं का?”

“बोललो की! इचारलं, हरकत हाय का. म्हटलं, हरकत न्हाई, रेल्वे येऊ द्या, पण खालनं वाट ठेवा. तिथल्या कारकुनानं अंगठा घेतला.”

मी सुनावणीचा कागद मागवला. अंगठ्याशेजारी दोनच शब्द : हरकत नाही.

खुंट्या घ्यायला आलेल्या रेल्वेच्या इंजिनिअरला वाटेचं विचारलं. तो म्हणाला, “हरकती द्यायला उद्याचाच दिवस आहे. मग अंदाजपत्रक वर जाईल. त्यात रुळाखालून मेंढरं जायची मोरी धरली नाही, तर मागून तिला पैसा मिळत नाही.”

आजवर जबाब घेताना मीही त्या कारकुनासारखंच केलं होतं. आपल्या कामापुरतं मिळालं की पेन थांबायचं, माणूस बोलतच राहायचा. कमी शिकलेला म्हणून नव्हे. शिकलेलेही तेच करतात.

त्या दिवशी जबाब मी स्वतः लिहिला, ‘पण’च्या पुढचाही. गुन्हा दाखल केला, नोटीस देऊन म्हाताऱ्याला सोडलं. साहेब चिडले, “वाटेचं कशाला लिहिलंस?”

“तो बोलला म्हणून.”

मार्ग आखणारे माझ्यापेक्षा हुशार असतील. पण त्यांच्या नकाशात मेंढरांची वाट नव्हती. ती म्हाताऱ्याच्या तोंडात होती, आणि ऐकणाऱ्याला घाई होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हाताऱ्याला मोटरसायकलवर मागं बसवलं, सुनावणीच्या कचेरीत नेलं, कारकुनासमोर उभं केलं आणि म्हणालो, “आता लिहा. ‘पण’पासून सुरू करा.”