काय गेलं तर रडाल?

कॉम्प्युटरला हात लावण्याआधी ते चष्मा पुसायचे आणि विचारायचे, "ताई, यातलं काय गेलं तर रडाल?" तुम्ही सांगाल ते आधी फ्लॉपीवर जायचं, मग काम सुरू.

खोपटला एसटी डेपोजवळ माझं डीटीपीचं दुकान होतं. कॉम्प्युटर दुरुस्तीला ते कोपरहून यायचे. कारखाना बंद पडला तेव्हा पन्नाशीला आलेले. पोरासोरांच्या क्लासात बसून कॉम्प्युटर शिकले. कायम दमलेले. बसताना "आई गं" म्हणायचे, उठतानाही. असा माणूस दारात दिसला की आपण आधी चहा सांगतो, तुम्हीही सांगितला असेल.

मोठी हार्ड डिस्क त्यांनीच बसवून दिली होती, सी आणि डी असे दोन भाग पाडून. दोन महिन्यांत सी ड्राइव्ह गच्च भरला आणि डी रिकामाच राहिला.

"सामान न हलवता मधली भिंत सरकवायची," ते म्हणाले. "तासभर लागेल. मध्ये वीज गेली तर संपलं. यूपीएस ठीक आहे ना?"

"आहे की," मी म्हटलं. बॅटरी आठवडाभर मेलेली होती, पण मला काम उरकायचं होतं. रडण्याचं विचारलं तेव्हाही म्हटलं, "काही नाही हो, नुसत्या लग्नपत्रिका आहेत."

भिंत अर्धी सरकली आणि वीज गेली. परत आली तेव्हा डिस्कवर काहीच सापडेना. मग मला आठवलं, कोळीवाड्यातल्या एका आजीची लग्नातली गाणी त्यातच होती. नातीच्या हळदीला छापून वाटायची, म्हणून दोन महिने दुकानात येऊन ती एकेक गाणं सांगत होती. तिला लिहिता येत नव्हतं. दुसरी प्रत नव्हती. मी टेबलावर डोकं टेकून रडले.

ते मला घेऊन थेट आजीकडे गेले. "आजी, चूक माझी. माझ्या हातून पुसली गेली."

मी त्यांच्या मागे सरकले.

"माजी गानी गिललीस का रं मेल्या?" आजी कडाडली. मग स्वतःच पाट सरकवून म्हणाली, "बस आता. परत सांगतंय, लिव."

दिवसभराची कामं आटपून ते रोज तिच्या ओट्यावर वही घेऊन बसले. हळदीला पुस्तिका वेळेवर पोचली. आजी मात्र शेवटपर्यंत त्यांना गानीचोर म्हणायची आणि ते हसून मान खाली घालायचे. मला ते बघवत नसे, तरी तोंड उघडलं नाही. लाज वाटते सांगायला.

आता ते नाहीत. शेवटचे दुकानात आले तेव्हा मी एकदाचं बोलून टाकलं. "त्या दिवशी बॅटरी मेलेली होती. मला माहीत होतं."

"मलाही. वीज गेल्यावर पाहिलं ना मी."

"मग आजीसमोर बोलला का नाहीत?"

त्यांनी चष्मा पुसला.

"तुम्ही आधीच रडत होतात, ताई," ते म्हणाले आणि "आई गं" करत उठले.