वानखडे सरांचं ‘येतो’

भूतबित, भानामती, अंगात येणं... यातलं मी काहीही मानत नव्हते, आणि खरं सांगायचं तर आजही मानत नाही. लोणारच्या सरोवराकाठी कोण दिसतं, कोण हाक मारतं, अशा गोष्टी लहानपणापासून कानावर पडल्या. सांगणाऱ्याला मी एवढंच विचारायचे, “मग त्यानं चहा घेतला का?” बिचारा उठून जायचा. तेव्हा हे वाचून ज्यांना माझी टिंगल करायची असेल त्यांनी खुशाल करा... फिटंफाट होईल.

नव्वदीच्या दशकाची सुरुवात होती. लोणारला खताच्या दुकानाच्या माडीवर आमचा कॉम्प्युटर क्लास चालायचा. युनिक्सचं एक मोठं मशीन, आणि त्याला वायरीनं जोडलेली तीन टर्मिनल. टर्मिनल म्हणजे नुसता स्क्रीन आणि कीबोर्ड, डोकं सगळं त्या एका मशीनचं. क्लास उभा केला तो वानखडे सरांनी. मी त्यांचीच विद्यार्थिनी, पुढे त्यांच्याच हाताखाली शिकवायला लागले.

सर कमांड शिकवायचे त्या आपल्या बोलीत. डिरेक्टरी म्हणजे फायली ठेवायचं घर. mkdir म्हणजे घर बांधा. cd म्हणजे घरात शिरा. rmdir म्हणजे घर मोडा. “पण रिकामं असन तरच मोडते बरं! अन् ज्या घरात उभे आहा, तेच मोडाले जाऊ नका.” मुली खिदळायच्या आणि कमांड जन्मभर लक्षात राहायची.

डेडलॉक शिकवताना ते रपट्याचं उदाहरण द्यायचे. रपटा म्हणजे आपल्याकडचा नाल्यावरचा तो बुटका, बिनकठड्याचा पूल, आणि बीबी हे आमच्या शेजारचं गाव.

“इकून बीबीचं वऱ्हाड आलं, तिकून लोणारचं. रपटा एकाच गाडीपुरता. अन् वऱ्हाड मांगं फिरत नाई, असा आपला रिवाज. मंग? नवरदेव उन्हात, मुहूर्त टळून राह्यला, अन् दोघंही म्हंतेत, तू सर आधी! हा झाला डेडलॉक.”

“मंग उपाय काय, सर?”

“एकानं म्हणाव, येतो. जातो नाई म्हणाचं, येतो म्हणाचं! मांगं सराव, दुसऱ्याले निंगू द्याव, अन् पुन्हा याव. येतो म्हणून मांगं सरणारा हारत नाई, पोरीहो.”

रोज संध्याकाळी निघताना सर मशीनवर हात ठेवून त्यालाही “येतो बरं” म्हणायचे. आम्ही हसायचो. एका सुट्टीच्या दिवशी घरी जेवता जेवता त्यांना झटका आला आणि सगळं संपलं. त्या दिवशी ‘येतो’ म्हणायला त्यांना सवडच मिळाली नाही, हे मला फार लागून राहिलं.

मग क्लासचे मालक... खताचं दुकान त्यांचंच, आम्ही त्यांना भाऊ म्हणायचो... एक दिवस माडीवर आले. “वानखडे गेले. आता हे खटलं बाईमाणसाच्यानं चालन का? मशीन इकून टाकू.” जालन्याचं गिऱ्हाईकही त्यांनी पाहून ठेवलं होतं! मी तावातावानं भांडले. बीबीहून एस.टी.नं येणाऱ्या मंदाच्या वडिलांनी मला तोंडावर सांगितलं होतं, क्लास बंद झाला की पोरीचं शिकणंही बंद. अशा कितीतरी मंदा होत्या.

शेवटी भाऊ म्हणाले, “बरं, रविवारी दुपारी साऱ्यायपुढं चालवून दाखव. चाललं तर राहू दे. अडलं तर सोमवारी टेम्पो लागन.”

रविवारी माडी गच्च भरली. मुलींचे आईबाप सतरंजीवर, भाऊ खुर्चीवर. एका टर्मिनलवर बीबीची मंदा, दुसऱ्यावर लोणारची शोभा. तिसरं टर्मिनल सरांचं. त्याची केबल उंदरांनी कुरतडली होती, म्हणून मीच ती दोन्ही टोकांनी काढून, वेटोळं करून खिळ्याला अडकवली होती. मशीनचा स्वतःचा कीबोर्ड दुरुस्तीला अकोल्याला गेलेला. हे सगळं एवढ्यासाठी सांगते की पुढे कोणी विचारू नये.

सुरुवात झकास झाली. मंदानं bibi नावाची डिरेक्टरी बांधली, शोभानं lonar नावाची. ls म्हटल्यावर यादीत दोन्ही गावं दिसली आणि बायांनी टाळ्या वाजवल्या. मग खरं काम आलं... माहिती कागदावर छापायची आणि टेपवरही उतरवायची. दोघींच्याही प्रोग्रामला प्रिंटर आणि टेप दोन्ही लागायचे, म्हणून आम्ही सराव नेहमी एकीमागून एक असा केला होता.

“एकेकीचं काय पाह्याचं?” भाऊ मध्येच म्हणाले. “दोघींचंही एकदम होऊ द्या!”

मी “थांबा” म्हणेपर्यंत दोघींनी एंटर दाबलंसुद्धा. मोठ्या माणसाचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, हे आपल्या पोरींच्या अंगातच असतं ना! मंदाच्या प्रोग्रामनं प्रिंटर धरला आणि टेपची वाट पाहत बसला. शोभाच्या प्रोग्रामनं टेप धरली आणि प्रिंटरची वाट पाहत बसला.

“मॅडम, अडकलं हो...” मंदा रडवेली झाली.

एक प्रोग्राम मारायला, म्हणजे मध्येच बंद करायला हवा होता. पण कमांड द्यायची कुठून? दोन्ही टर्मिनल गोठलेली. आणि चालू प्रोग्राम मारायचा अधिकार फक्त सरांच्या खात्याला होता, त्याचा पासवर्ड सरांबरोबरच गेला. वीज बंद करणं म्हणजे हार कबूल करणं. मागे कोणीतरी फिसकन हसलं. भाऊ खुर्चीतून उठायला लागले.

माझं डोकं सटकलं. “बसा भाऊ!” मी ओरडलेच. “हे बिघडलेलं नाही. हा डेडलॉक आहे, आमच्या अभ्यासातला धडा आहे!” आणि मी सगळ्यांना रपटा सांगायला लागले. बीबीचं वऱ्हाड, लोणारचं वऱ्हाड, उन्हात तापलेला नवरदेव. लोक हसायला लागले. मंदाचे वडील तर मांडीवर थाप मारून म्हणाले, “अगदी बराबर! आमच्या लग्नात असंच झालतं!”

“मंग उपाय काय?” भाऊंनी विचारलं. अगदी सरांच्या वर्गातल्या पोरासारखं.

“एकानं मागं सरायचं,” मी म्हणाले. “येतो म्हणून.”

माझं वाक्य संपलं आणि प्रिंटर खडखडायला लागला.

मंदाच्या स्क्रीनवर अक्षरं उमटली, Terminated. तिचा प्रोग्राम कोणीतरी मारला होता. शोभाचा कागद सरसर बाहेर येत होता. “बीबीवाले मांगं सरले!” मंदाचे वडील ओरडले आणि माडी दणाणली. मी मात्र मंदाच्या कीबोर्डवर झुकून who टाइप केलं... मशीनवर आत्ता कोण कोण आहे, ते सांगणारी कमांड. तीन ओळी आल्या. मंदा. शोभा. आणि तिसऱ्या टर्मिनलवर, wankhade.

मी वळून पाहिलं. स्क्रीन काळा. केबल खिळ्यावर. पुन्हा who टाइप केलं, तर दोनच ओळी.

मंदानं तिचा प्रोग्राम पुन्हा चालवला, तिचाही कागद झोकात बाहेर आला. भाऊ इतके खूश, की त्यांनी स्वतःच्या हातानं ls टाइप केलं. आणि बोट ठेवून वाचायला लागले, “बीबी... लोणार... अन् हे काय व? वाय, ई, टी, ओ?”

bibi, lonar, yeto.

मी हसत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. भाऊंना वाटलं, क्लास वाचल्याचा आनंद. तो तर होताच! सोमवारी टेम्पो आला नाही, कधीच आला नाही. मंदा पुढे बीबीत स्वतःचा क्लास चालवायला लागली.

अकोल्याच्या इंजिनिअरला मी सगळं सांगितलं. त्यानं मशीन उघडून पाहिलं, डोकं खाजवलं, चहा घेतला आणि गेला. कोणी म्हणतं लोणारच्या मातीत चुंबक आहे, त्याचा परिणाम. असेल बुवा! पण मराठीत ‘येतो’ लिहिणारं चुंबक मी अजून पाहिलेलं नाही.

ती डिरेक्टरी मी उघडून पाहिली होती. रिकामी होती. rmdir म्हटलं असतं तर क्षणात गेली असती. पण मशीन होतं तोवर मी तिला कोणालाही हात लावू दिला नाही. येतो म्हणून गेलेल्या माणसाचं घर कोणी मोडतं का?